मोईनभाईंचं व्याज

आमच्या धंद्यात पहिला प्रश्न कधीच खरा नसतो. माणूस खुर्चीत बसतो, पंख्याकडे बघतो आणि म्हणतो, "माझ्या एका मित्राचं विचारायचं होतं." मी वही उघडत नाही, चहा सांगतो. चहा अर्धा होईपर्यंत मित्राचं नाव निघत नाही, गाव निघत नाही. मग कप खाली ठेवता ठेवता मित्र गायब होतो. "म्हणजे बघा साहेब, समजा आपण कार्डावर दोन लाख उचलले..." तेव्हा कुठं मी पेनाचं टोपण काढतो.

सत्तावीस वर्षं मी हेच करून राहिलो आहे. सोमवार ते शुक्रवार नांदेडला, जिन्याखालच्या ऑफिसात. शनिवारी लातूरला, मेहुण्याच्या स्टेशनरी दुकानामागच्या खोलीत, रजिस्टरांच्या गठ्ठ्यांमध्ये. मी सीए नाही, वकीलही नाही. तरी सगळे वकीलसाहेब म्हणतात आणि मी कधी दुरुस्त केलेलं नाही. रिटर्न भरून देणं हे मुख्य काम. त्याच्या जोडीला कुठलं कर्ज आधी फेडावं, कुठली पॉलिसी बंद करावी, रिटायरमेंटचे पैसे कुठं ठेवावेत, असले प्रश्न. बहुतेक प्रश्नांचं उत्तर 'खर्च कमी करा' एवढंच असतं. पण एवढ्या उत्तराला कोणी फी देत नाही, म्हणून ते मला फॉर्म भरत भरत सांगावं लागतं.

घरी माझा सल्ला चालत नाही. भिशीत पैसे अडकवू नकोस, असं बायकोला पंधरा वर्षं सांगतोय. माझ्या ऑफिसातला इन्व्हर्टर तिच्या भिशीतून आलेला आहे, आणि एका वर्षी लोकांचे रिटर्न भरता भरता मी स्वतःचाच भरायचा विसरलो, तेव्हा दंडही त्याच भिशीतून गेला. त्यामुळे त्या विषयावर मी आता बोलत नाही.

या धंद्यानं मला काही दिलं असेल तर संशय. लग्नाला गेलो तर जेवणाआधी मांडवाचा खर्च डोक्यात मांडतो आणि मुलाच्या बापाचा पगार आठवतो. आमची ही म्हणते, "तुम्ही देवाच्या फोटोकडं पण 'कागद दाखवा' अशा नजरेनं बघता." ती थट्टेनं म्हणते. मी बरीच वर्षं ते कौतुक समजत होतो.

आणि समजायला कारणं होती. रेणापूरकडचे एक गुरुजी होते. शिकवण्यांचं उत्पन्न भरपूर, पण ते सगळं शेतीत दाखवायचं, कारण शेतीच्या उत्पन्नावर कर नाही. "साहेब, सहा लाखाचं सोयाबीन लिहा."

"किती एकरात?"

"चार."

"गुरुजी, चार एकरात सहा लाख?"

"लई जोरात आलं औंदा."

मी त्यांचं पासबुक पुढं सरकवलं. त्याच वर्षी, त्याच चार एकरांच्या, पीक बुडाल्याच्या अनुदानाची रक्कम जमा झालेली होती. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "दोन्ही खरं हाय साहेब. आधी बुडालं, मग आलं."

धर्माबादच्या एका कारकुनानं तर सासूच्या घरात राहून तिला दरमहा आठ हजार भाडं देत असल्याच्या पावत्या आणल्या होत्या. भाड्यावर करात सूट मिळते म्हणून. सासूची सही डाव्या हातानं केल्यासारखी दिसत होती. मी जावयाला म्हणालो, उद्या विचारणा झाली तर त्यांना माहीत असू द्या. त्यानं घरी जाऊन सांगितलं. आठवड्याभरात म्हातारी नातवाला घेऊन ऑफिसात हजर. "दोन सालाचं भाडं कुठाय माझं? कागदावर हाय म्हणं." तिला समजावता समजावता माझी दुपार गेली. पुढच्या महिन्यापासून जावई खरंच भाडं देऊ लागला. माझ्याकडं मात्र पुन्हा आला नाही.

अशी माणसं रोज समोर असली की आपल्याला वाटायला लागतं, आपल्याला सगळ्यांच्या आतलं दिसतं. मोईनभाई आले नसते तर मी हा लेख याच ऐटीत संपवला असता.

मोईनभाई म्हणजे नांदेडच्या जुन्या बाजारातले शेरवानीवाले. वय सदुसष्ट, मापाची फीत कायम गळ्यात. दुकान भाड्याचं, त्यांच्या वडिलांपासूनचं. मुलगा अतीक त्यांच्यासोबत बसतो. कापणी बापाची, शिलाई आणि गिऱ्हाईक मुलाचं. मुलगी शबाना लातूरला दिलेली. देगलूर रस्त्याकडची वडिलोपार्जित जागा विकून मोईनभाईंना सतरा लाख मिळाले होते. ते बँकेत मुदत ठेवीत होते, आणि ते कशासाठी होते हे सगळ्या बाजाराला माहीत होतं: मालकानं दुकान विकायला काढलं की घ्यायचं.

त्यांचा रिटर्न मीच भरायचो. दरवर्षी विचारायचो, "बाकी काही उत्पन्न?" ते म्हणायचे, "बाकी कायका साब? दुकान हाय, बस." जुलैची गर्दी असायची. मी पुढं जायचो. सगळ्या जगावर संशय घेणारा मी, या माणसाला एकदाही पासबुक मागितलं नव्हतं. त्याचं कारण सांगायला लाज वाटते. माझ्या मुलाच्या साखरपुड्याची शेरवानी त्यांनी शिवली होती आणि पैसे घेताना दोनशे कमी घेतले होते.

मागच्या वर्षी मालकानं खरंच दुकान विकायला काढलं. साडेवीस लाख. मोईनभाईंना दोन महिने दिले, नाही तर मोबाइलवाला तयारच बसला होता. साडेतीन लाख कमी पडत होते. आणि त्याच आठवड्यात अतीक एकटा माझ्याकडं आला. आयकर खात्याचा मेसेज त्याच्या मोबाइलवर आला होता, कारण बापाच्या खात्याला नंबर त्याचा.

"काका, अब्बांना बोलू नका आधी. ये क्या आया बघा."

बँका आपलं व्याज खात्याला परस्पर कळवतात, हे बऱ्याच लोकांना अजून माहीत नाही. मी मोईनभाईंचं वार्षिक पत्रक काढलं. तीन वर्षांचं मुदत ठेवीचं व्याज, आणि ते रिटर्नमध्ये कुठंच नाही. अतीकला म्हणालो, पासबुक आण. तो अर्ध्या तासात कपाटातून घेऊन आला.

पासबुक वाचायला मी बोट ठेवून खाली सरकतो. सवय आहे. व्याज जमा, जमा, जमा, आणि वर्ष संपलं की एकदम रोख काढलेलं. दुसऱ्या वर्षी तसंच. तिसऱ्या वर्षी तसंच. काढलेली रक्कम बरोबर व्याजाएवढी, रुपयाचा फरक नाही. मुद्दलाला हात नाही. बेरीज सव्वातीन लाखाच्या आसपास.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं हे मला आज नीट माहीत आहे. पासबुक मिटून म्हणायला हवं होतं, अब्बांना पाठव. अशिलाचं त्याच्या मुलासमोर उघडायचं नाही, ही या कामातली पहिली गोष्ट. पण नाकाला वास लागला होता. मी बोट त्या ओळीवर ठेवून, चष्म्यावरून बघत म्हणालो, "अतीक, एवढी रोकड जाते कुठं?"

पोराचा चेहरा आधी कोरा झाला. मग तो हळूच म्हणाला, "लातूरला."

"लातूरला?"

"शबानाकडं. दुसरं कोण हाय काका? मला म्हणतात साडेतीन लाख कुठनं आणू, कर्ज नको, कर्जाला व्याज पडतं. अन् इकडं तीन साल झालं तिचं घर भरून राहिले." तो उठला. "मी सकाळी आठपासनं बसतो दुकानात. पगार पण घेत नाही."

मी त्याला अडवलं नाही. उलट मनात म्हणालो, जमतंय. मागच्याच वर्षी शबानाच्या नवऱ्यानं शाळेची व्हॅन घेतल्याचं मीच ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून अतीक दुकानात येईना. लग्नसराईच्या अकरा शेरवान्या अर्ध्यावर. पुण्याला मॉलमध्ये काम बघतो म्हणत गावातल्याच मित्राकडं जाऊन बसला, आणि बापाला कारण सांगेना. मोईनभाई बाजारात सगळ्यांना विचारत फिरले, पोरगा का रुसला. मलाही विचारलं. मी म्हणालो, वय आहे.

शनिवारी लातूरला गेलो आणि मला पोलीस व्हायची हुक्की आली. कर कापू नये म्हणून बँकेत एक फॉर्म देतात, तो द्यायचं निमित्त करून मी शबानाच्या दारात उभा राहिलो. शिकवणी वर्गांच्या भागात तिचं दोन खोल्यांचं घर. ती पोरांना डबे करून देते. पंचवीस-तीस डबे ओळीनं मांडलेले, भाजीचा वास, आणि भिंतीला नवाकोरा दोन दारांचा फ्रीज. मी पाणी पीत फ्रीजकडं बघत राहिलो.

"मोठा घेतला," मी म्हणालो.

"डब्याची भाजी ठेवावी लागते काका."

"केवढ्याला पडला?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. हात पदराला पुसले, मोबाइल उचलला आणि हप्त्याचे मेसेज माझ्यासमोर धरले. एकामागून एक. शेवटचे तीन बाकी. "आणि व्हॅनचे कागद बघायचे का? कर्ज यांच्या नावावर हाय. बँकेचं." मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "तुम्हाला अब्बांनी पाठवलं का भाईनं?"

मी म्हणालो, "कुणी नाही, मी सहज—"

"सहज कोणी फ्रीजची किंमत विचारतं का काका?"

सोमवारी साडेदहाला मोईनभाई ऑफिसात आले. गळ्यात फीत नव्हती. शबानानं फोन केला होता. ते बसले नाहीत.

"साब, माझ्या पोरीच्या घरी झडती घेऊन आले तुम्ही?"

मी खुर्ची पुढं केली. ते उभेच. मग मी पत्रक समोर ठेवलं, पासबुकातल्या ओळी सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि फार साध्या आवाजात म्हणाले, "वो ब्याज हाय. ब्याज आम्ही खात नाही. बँकेत सोडलं तर बँक वापरणार. म्हणून काढतो अन् वाटून टाकतो."

"कुणाला?"

"गरिबाला. नाव नाही सांगणार."

"मशिदीला दिलं का? पावती असेल—"

"मशिदीला नाही चालत ते. पोरीला नाही चालत, पोराला नाही चालत. माझ्या कामाचं नाही अन् माझ्या माणसाच्या पण कामाचं नाही. त्याचं पुण्य पण नाही मला." ते पहिल्यांदा जरा हसले. "घरातली घाण बाहेर टाकतो साब, त्याची पावती घेता का तुम्ही?"

म्हणजे दरवर्षी मी "बाकी उत्पन्न?" विचारत होतो तेव्हा ते खोटं बोलतच नव्हते. त्यांच्या हिशेबी ते पैसे त्यांचे नव्हतेच. मला तो माणूस आवडला, आणि खरं सांगायचं तर तरीही थोडा संशय राहिला. सवय.

पुढचं मला सांगावं लागलं. तुम्ही खा किंवा वाटा, खात्याच्या दृष्टीनं ते तुमचं उत्पन्न. बँकेनं थोडा कर कापलेला आहे, बाकीचा भरायचा, वर उशीर केल्याचं.

"उशीरचं काय?"

"व्याज."

"मी सरकारला ब्याज द्यायचं?" त्यांनी डोक्याला हात लावला. "जे खाल्लं नाही त्याचं बिल, अन् त्या बिलावर पण ब्याज? हे तर माझ्या बापाला पण शिवता येणार नाही असं माप हाय साब."

पस्तीस हजारांच्या जवळपास बसत होतं. आणि ते व्याजातून भरायचे नाहीत, स्वतःच्या कमाईतून भरायचे, हे त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं. म्हणजे दुकानाच्या पैशातून. त्यांनी खिशातून पाकीट काढून माझी फी विचारली. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "घ्या. फुकट काम केलं तर पुन्हा कुणाच्या घरी जाल."

संशय फिटला की भांडण मिटतं, असं मला वाटायचं. मी अतीकला बोलावलं आणि सगळं सांगितलं. बहिणीला एक रुपया गेलेला नाही, मीच चुकलो, असं हात जोडून सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे बहिणीला दिले असते तर घरात तरी राहिले असते. हे तर कुणाला पण वाटले. काका, ते सव्वातीन लाख ठेवले असते तर दुकान आज आपलं होतं ना?"

पंचवीस हजार सोडले तर बेरीज बरोबर होती. बेरीज तीच होती.

"आणि खरंच वाटले कशावरनं?" तो जाता जाता म्हणाला. "तुम्हीच विचारलं होतं ना, रोकड जाते कुठं."

मी मोईनभाईंकडं गेलो. म्हणालो, भाई, ज्यांना दिलं त्यातल्या एकाचं तरी नाव पोराला सांगा. त्यांनी कात्री खाली ठेवली. "पोराला पावती दाखवायची वेळ आली तर तो पोरगा नाही, इन्कम टॅक्स हाय." आणि पुन्हा कापायला लागले. अकरापैकी सहा शेरवान्या त्यांनी एकट्यानं शिवल्या. बाकीच्या पाच गिऱ्हाइकांनी कापड परत नेलं.

चुकीचा रिटर्न दुरुस्त करता येतो. त्याला मुदत आहे, फॉर्म आहे, जास्तीचा कर भरला की झालं. मी माणसाच्या कानात भरलेल्या वाक्याला असला फॉर्म नाही. आमची ही मात्र ऐकून एवढंच म्हणाली, "तुम्ही आता त्या पोरीला फोन करून माफी मागा." मी दोनदा फोन लावला. तिनं उचलला नाही.

मालकाची मुदत संपायला आठ दिवस होते तेव्हा, मंगळवारी, शबाना स्वतः आली. तीन तासांचा एसटीचा प्रवास करून, आणि येताना भावाला मित्राच्या घरातून उचलून. अतीक तिच्या मागं, वर्गाबाहेर उभं केल्यासारखा. तिनं मला नमस्कार केला नाही. पर्समधून चेक काढून टेबलावर ठेवला. एक लाख ऐंशी हजार.

"कागद करा काका. बहिणीनं भावाला दुकानासाठी उसने दिले. बिनव्याजी. महिन्याला साडेसात हजार परत. दोन सालात फिटतील."

अतीक म्हणाला, "आपा, मी मागितले का?"

"तू मागितले नाहीस. तू म्हणालास मी घेतले." मग माझ्याकडं वळून, "लिहा. पैसे कुठनं आले ते पण लिहा. अर्धे भिशीचे, अर्धे डब्यांचे. डब्यांची वही आणली आहे."

सल्ल्याची सवय सुटत नाही. मी म्हणालो, "चेक केला ते बरं केलं. वीस हजारांवर उसनं रोख चालत नाही, परत करताना पण—"

"माहीत हाय मला. तुम्ही लिहा."

मी लिहिलं. ती म्हणाली, "भाई, वाच. मोठ्यानं वाच." अतीकनं वाचलं. तिनं भिशी-डब्यांपर्यंत पूर्ण वाचून घेतलं. त्यानं सही केली. मग कागद माझ्याकडं सरकवून तिनं साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवलं. मी सही केली.

उरलेले दोन लाख दुकानमालकानं वर्षभरात घ्यायचं कबूल केलं. त्याच्या धाकट्याचं लग्न होतं आणि मोबाइलवाल्याला शेरवानी शिवता येत नव्हती. दुकान मोईनभाईंच्या नावावर झालं. कर त्यांनी पैशापर्यंत भरला. ठेव मोडल्यामुळं व्याजाचा प्रश्नही मिटला. अतीक पुन्हा आठला दुकान उघडतो. बाप-लेक कामापुरतं बोलतात, हळूहळू कामाबाहेरचंही.

त्या व्याजाच्या पैशांचं पुढं काय झालं, कुणाला गेले, हे मला आजही माहीत नाही. कोणी दुवा देताना भेटला नाही, कोणी पुढं येऊन सांगितलं नाही. माझा स्वभाव धरला तर पुरावा शून्य. मी आता त्या रकान्यात काही लिहीत नाही. अशील मुलासोबत आलं तर मात्र मुलाला बाहेर बसवतो. म्हाताऱ्यांना राग येतो, पोरांना संशय येतो. येऊ देतो.

परवा अतीक रिटर्नला आला होता. मी विचारलं, "आपाचे हप्ते जातात ना वेळेवर?"

"हाव काका. दर महिन्याला लातूरला जातो चेक घेऊन. ऑनलाइन टाकतो म्हटलं तर नको म्हणते. समोर आणून दे म्हणते."

"मग?"

"उंबऱ्यातच घेते. तारीख बघते, सही बघते, पावती लिहून देते. बस म्हणत नाही." तो हातातली पावत्यांची चळत सारखी करत राहिला. अकरा होत्या. "सक्ख्या बहिणीच्या घरून चहा न पिता येतो काका, अकरा महिने झाले."

मी कागद पुढं ओढला.

"गेल्या खेपेला पाणी दिलं," अतीक म्हणाला.